टाकलेली मतं

बावीस वर्षं मी मतं मोजते आहे
शाळेच्या जिममध्ये, बास्केटबॉलच्या जाळीखाली,
अंगठा ओल्या स्पंजवर टेकवत.
पन्नासाचा गठ्ठा, त्याला लाल रबर.
निवडून आलेल्याचे गठ्ठे टेबलाच्या या टोकाला.
बाकीचे कुठं, तेही नियमात आहे:
गोणीत, मग तळघरात, वर्षभर.
मग लॉरी येते.

गेल्या खेपेला टेकडीच्या वॉर्डात
रोन्वेन प्रॉसर जिंकली, चारशे बारा मतं घेऊन.
तिला न दिलेली मतं नऊशे साठ,
पाच जणांत फुटलेली.
हिशेब बरोबर होता. मी दोनदा केला.

आणि खाडीकडच्या वॉर्डात मोजायलाच काही नव्हतं.
एकच अर्ज, म्हातारा पेन्री, चौथ्यांदा बिनविरोध.
तिथली पेटी मी कधी उघडलेलीच नाही.

इड्वल बेव्हन पोस्टात रांगेत भेटला.
स्लेटच्या खाणीतून निवृत्त, खोकला अजून कामावर.
म्हणाला, तेग्वेन, एक्केचाळीस वर्षं मत टाकतोय.
टाकतोय म्हणजे
टाकूनच देतोय म्हण ना.
म्हणाला, बेकरीत मी सांगतो,
बार्लीचा पाव दे, नसला तर साधा,
तोही संपला असेल तर कालचा चालेल.
पहिला पाव नव्हता म्हणून
आजवर कुणी मला उपाशी घरी धाडलेलं नाही.

मार्चमध्ये ठराव आला: प्रमाणशीर प्रतिनिधित्व.
एका वॉर्डात चार जण, नावांपुढे एक, दोन, तीन,
आणि हरलेल्याचं मत उठून
दुसऱ्याच्या दारात जाऊ शकेल.
मी इतिवृत्त लिहीत होते. हेडफोनमधून
वेल्शचं इंग्रजी होऊन कानात ठिबकत होतं,
ज्यांना ते लागतं त्यांच्या.

युरोफ मॅडॉक्स म्हणाले, आकडे लोकांना झेपणार नाहीत.
गॅलरीत इड्वल हसला, जरा मोठ्यानंच,
शुक्रवारी पबमध्ये डार्ट्सचा हिशेब
पाचशे एकपासून खाली, तोंडी ठेवणारा इड्वल.
अध्यक्षांनी त्याला समज दिली.
मी तेही लिहिलं.

मग रोन्वेन उठली. तिला वाटलं असतं तर
ती गप्प बसू शकली असती, खुर्ची तिचीच होती.
म्हणाली, मी रोज दूध आणायला जाते
नऊशे साठ माणसांच्या समोरून.
एवढंच बोलली. बसली. पाणी प्यायली.

हात वर झाले. मी मोजले.
बाजूनं चोवीस, विरोधात बारा.
हजर छत्तीस जणांचे दोन तृतीयांश, अगदी काटेकोर.
पण कायदा माणसं मोजत नाही, खुर्च्या मोजतो,
आणि खुर्च्या सदतीस.
सदतिसावी पेन्रीची. तो फेब्रुवारीत गेला.
पंचवीस लागत होते.

त्याच्या टेबलावर नावाची पाटी तशीच होती
आणि झाकण न लावलेलं पेन.
जिवंतपणी त्यानं कधी कशाला विरोध केला नव्हता.
मी लिहिलं: नामंजूर.
लिहिताना शाई जरा फुटली, ते राहू दिलं.

बसथांब्यावर इड्वल टोपी झटकत उभा होता.
खाडीची पोटनिवडणूक कधी, त्यानं विचारलं.
तारीख सांगितली.
अर्ज कुठं मिळतात?
माझ्याकडेच, मी म्हणाले.
तो बराच वेळ बस येते त्या दिशेला बघत राहिला.
पहिल्या पसंतीचा, म्हणाला, मी कधी कुणाचाच नव्हतो.
बस आली. तो चढला नाही.

पोटनिवडणूक जुन्याच पद्धतीनं होणार,
एक नाव, एक फुली, बाकीच्यांना गोणी.
हे त्याला ठाऊक आहे, मलाही.

तरी आज दुपारी मी तळघरात उतरले.
गोण्यांच्या मागे ती पेटी सापडली,
कोळ्याच्या जाळ्यासकट.
कुलूप अडकलं होतं.
शिवणयंत्राचं तेल दोन थेंब घातलं,
किल्ली फिरवली, काढली, पुन्हा फिरवली.
आत काहीच नव्हतं.
झाकण उघडंच ठेवून आले, वास जावा म्हणून.